देव्हाऱ्यातली किल्ली

गाडीने देवाला नमस्कार केलेला मी माझ्या या डोळ्यांनी पाहिला आहे. एकदा नव्हे, बऱ्याचदा. मी खोटं बोलत नाही. चतुर्थीला तसा नेमच आहे आणि इतर दिवशी सवय. हे वाचून कुणी हसलं तर मी रागावणारही नाही. न रागावण्याचा माझा नेम फक्त शनिवारचा आहे, पण आज शनिवारच आहे.

सुरुवात झाली सांगलीत, आमच्या श्रद्धाच्या डोहाळजेवणात. तिला विश्रामबागेत दिलेली. सासरचा हळदीचा व्यापार, घर मोठं, माणसं चांगली. विहीणबाई संयोगिताताई तर इतक्या प्रेमळ, की त्यांच्या प्रेमातून सुटायला माणसाला वकील लावावा लागेल. पंगतीत जिलबी वाढता वाढता त्या म्हणाल्या, "पहिलं बाळंतपण माहेरी, ते आम्हाला मान्यच आहे हो. पण तुमच्याकडे गाडी नाही. आमचा ड्रायव्हर सोडेल. नाहीतर राहू दे की इथेच! मिरजेसारखे दवाखाने साताऱ्यात आहेत का?"

आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी पाणी सोडायच्या फायली अडवण्यात गेली, त्यामुळे एकदम काही सोडायची त्यांना सवय नाही. पण त्या दिवशी त्यांनी भर पंगतीत शब्द सोडला. "माझी लेक माझ्या स्वतःच्या गाडीतून माहेरी येईल. आठवा लागायच्या आत."

पंगत थांबली. आमच्याकडे तेव्हा एक सायकल होती.

आठव्या महिन्यात गर्भार बाईला वेस ओलांडू देत नाहीत, आणि नवव्यात प्रवास नको असं डॉक्टरांनीच बजावलेलं. म्हणजे सातव्यात आणली तर आणली. निघताना श्रद्धाने मला पाण्याच्या निमित्ताने आत नेलं. हळूच म्हणाली, "आई, इथं सगळे पोटाशी बोलतात गं. बाळ काय खाणार, बाळाला पंखा लावू का. माझ्याशी कुणी बोलतच नाही. ने ना मला."

मी तिथल्या तिथे संकल्प सोडला. लेक माझ्या घरात येईपर्यंत चहा वर्ज्य. जेवण सोडणं सोपं असतं, ते मी आठवड्यातून तसंही सोडतेच. चहा मी आजवर कुठल्याच देवासाठी सोडला नव्हता.

मग एके दिवशी शाहूपुरीतल्या आमच्या दारात मालट्रक उभा राहिला आणि त्यावरून एक गाडी उतरवली गेली. मिरजेच्या एका डॉक्टरांची. दवाखान्याच्या आवारात चिंचेखाली कैक पावसाळे उभी होती. अंगावर चिंचेचा पाला, आणि एका चाकाशी मुंग्यांचं वारूळ होतं, ते डॉक्टरांनी मिरजेतच ठेवून घेतलं.

"ही हायब्रिड आहे," हे म्हणाले. "पेट्रोलवरही चालते आणि विजेवरही."

ही मात्र कशावरच चालत नव्हती.

"म्हणून तर मिळाली," हे म्हणाले. "आवाज नाही, धक्का नाही. अवघडलेल्या बाईला याहून चांगलं वाहन नाही. आणि बंद पडलेली हायब्रिड घरच्या घरी चालू करता येते. मी पाहिलंय."

कुठे पाहिलं, तर मोबाईलवर. एक मनुष्य रोज सकाळी यांना गाडी कशी दुरुस्त करायची ते सांगत असे. त्या वेळेत मी पोथी वाचत असे. घरात दोन पारायणं एकदम सुरू झाली.

मी गाडीला ओवाळलं, चाकांखाली लिंबं ठेवली आणि किल्ली हातात घेतली. तिला किल्ली म्हणवेना. साबणाच्या वडीसारखी काळी गुळगुळीत वस्तू, ना दात ना टोक. "ही भोकात घालायची नसते," हे म्हणाले. "नुसती जवळ असली की गाडी ओळखते आणि बटण दाबून चालू होते." मला बरं वाटलं. देवाचंही असंच आहे.

आमच्या घरी नवीन वस्तू आली की ती आधी देवापुढे. श्रद्धाची गुणपत्रिका, यांच्या पेन्शनचा कागद, गॅसची शेगडीसुद्धा एक रात्र देव्हाऱ्यासमोर बसली होती. गाडी काही आत येणार नव्हती, म्हणून तिची किल्ली मी बाळकृष्णाच्या पायाशी ठेवली. देवघराची खिडकी पोर्चमध्येच उघडते. गाडीचं नाक त्या खिडकीला जवळजवळ टेकलेलं. देवाची नजर गाडीवर, गाडीची देवावर. यात माझ्या हातून काही वावगं होतंय, असं कुठल्याच पोथीत लिहिलेलं नाही.

शेजारचे सुभेदार नाथाजी लष्करात गाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेले. ते लगेच बाह्या सरसावून आले. मागोमाग त्यांच्या रंगूबाई, हातात वाटाण्याच्या शेंगा. रंगूबाई कुठलीही दुर्घटना शेंगा सोलतच बघतात.

"वैनी, काळजी न्हाई करायची," नाथाजी म्हणाले. "म्या लडाखात बर्फात गाडल्याला ट्रक काडलाय. ह्ये तर खेळणं हाय. धक्का मारा!"

अर्ध्या गल्लीने धक्का मारला. गाडी चौकापर्यंत गेली आणि परत आली. चालू काही झाली नाही, पण गल्लीत सगळ्यांना भूक लागली आणि मला पोहे करावे लागले. ही गाडी धक्का मारून चालू होतच नाही, हे मोबाईलवरच्या माणसाने पुढच्या भागात सांगितलं. यांनी तो भाग पोहे खाताना पाहिला.

मग नाथाजींनी पुढचं झाकण उघडलं आणि ओरडले, "हरिभाऊ! हितं बॅटरीच न्हाई! डाक्टरनं चोरली की वो!"

"ती मागे डिक्कीत असते," हे म्हणाले. "मोठी सीटखाली, धाकटी डिक्कीत. धाकटी जिवंत असली तर मोठी जागी होते."

"मग उघडा डिक्की."

"उघडत नाही. तिचं बटण बॅटरीवर चालतं."

नाथाजींनी दोन बोटं एकमेकांत अडकवली. "म्हंजे बॅटरी डिक्कीत, आन् डिक्की बॅटरीवर."

"डिक्कीला आतून एक खटका असतो. मागच्या सीटवरून आत सरपटत जाऊन तो ओढायचा."

यांनी प्रयत्न केला. खांदे गेले, पोट गेलं नाही. बाहेर काढताना नाथाजींनी "खींचो!" असा हुकूम दिला, तेव्हा मी डोळे मिटून घेतले. नाथाजींची छाती अजून लष्करातलीच आहे, ती खिडकीतूनही जाईना. मग दोघांचीही नजर माझ्याकडे वळली. आयुष्यभर केलेल्या उपासांचं फळ या जन्मात, आणि तेही अशा ठिकाणी मिळेल, असं मला वाटलं नव्हतं.

त्यात तो मार्गशीर्षातला गुरुवार. त्या दिवशी मी संध्याकाळच्या आरतीपर्यंत मौन धरते. नाही म्हणायचं तर तोंड उघडावं लागणार. मी मान हलवली, ती यांनी होकारार्थी घेतली. लग्नापासून माझी मान ते तशीच घेतात.

पदर खोचून मी डॉक्टरांच्या गाडीच्या पोटात शिरले. काळोख, चिंचेचा वास, आणि हाताला काहीतरी मऊ, गरम, हलणारं लागलं. ओरडायचं नव्हतं. मी मनात रामरक्षा सुरू केली.

"सापडलं का?" बाहेरून हे.

मी गप्प.

"अगं, सापडलं का?"

"बेशुद झाली बाई!" रंगूबाई किंचाळल्या. "तरी म्या म्हनत हुते, उपाशी बाईला नगा कोंबू!"

नाथाजींनी माझे पाय धरून ओढायला सुरुवात केली. मी एका हाताने खटका धरलेला. त्यांनी ओढलं, मी सोडला नाही, आणि खाडकन डिक्की उघडली. गल्लीतले सगळे मागे उभे होते. त्यांना काय दिसलं असेल, याचा मी अजूनही विचार करत नाही. माझ्या दुसऱ्या हातात उंदराचं घरटं होतं, डॉक्टरांच्या जुन्या केसपेपरांच्या चिंध्यांचं, आणि त्यात उंदीर.

"मारा त्याला," हे म्हणाले. मी डोळे वटारले. गणपतीचं वाहन! ते घरटं मी दोन्ही हातांनी नेऊन मागच्या जास्वंदीखाली ठेवलं. उंदराने यांच्याकडे असं बघितलं, जणू गाडी मूळची त्याचीच होती.

नवी बॅटरी आली. सीटखालच्या मोठ्या बॅटरीकडे नारिंगी वायरी जातात. "त्यांना हात लावला तर माणूस जागेवर जातो," हे म्हणाले. नाथाजींनी लांबूनच त्या वायरींना सलाम ठोकला. मी हळदकुंकू घेऊन निघालेले, मलाही लांबूनच वाहायला सांगण्यात आलं.

यांनी आत बसून बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. घुर्रर्र नाही, खोकला नाही, थरथर नाही.

"मेली," नाथाजींनी टोपी काढली. "गड्या, आता हिचा नाद सोडा."

यांचा चेहरा उतरला. ते गिअरचा दांडा इकडेतिकडे करत बसले. आणि गाडी चालायला लागली. कसलाही आवाज न करता, चोरपावलांनी, मागे. नाथाजी आडवे उडाले. गाडी फाटकातून बाहेर पडली, गल्ली ओलांडली आणि रंगूबाईंच्या वाळत घातलेल्या धुण्यात शिरली. त्यांचं हिरवं इरकल टपावर पांघरून ती शालू ल्यालेल्या नवरीसारखी उभी राहिली. गाडी मघापासून चालूच होती. कळलं नव्हतं ते आम्हाला.

"हरिभाऊ!" रंगूबाई म्हणाल्या. "माझं लुगडं नेसून कुटं चालली ही भवानी?"

मी देवापुढे साखर ठेवली. किल्ली पुन्हा बाळकृष्णाच्या पायाशी. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुन्हा मेलेली.

यांनी बॅटरी काढून चार्ज करून आणली. गाडी चालू. रात्र गेली, गाडी मेली. दुकानदाराने बॅटरी बदलून दिली. चालू. रात्र गेली, मेली. "करंट गळतोय," नाथाजी म्हणाले आणि गाडीखाली हात घालून तो कुठे ओला लागतो का ते पाहू लागले. रोज संध्याकाळी सांगलीहून विहीणबाईंचा फोन. "गाडी निघाली का हो? नाही, घाई नाही. आमची आपली दारात उभीच आहे." मग मागून श्रद्धाचा आवाज, "आई, काय चाललंय?" आणि मी, जी खोटं बोलत नाही, म्हणत असे, "प्रयत्न चाललेत गं."

चहा नसल्यामुळे माझं डोकं दुपारी ठणकायचं. त्याबद्दल तक्रार नाही, माहिती म्हणून सांगते.

एका चालू दिवशी हे गाडीच्या धुराचा दाखला काढायला गेले. त्याशिवाय सांगलीची गाडी साताऱ्याच्या नावावर होईना. रस्त्याकडेच्या टपरीतल्या माणसाने मागच्या नळीत कांडी घातली आणि म्हणाला, "चालू करा."

"चालूच आहे."

"धूर कुठाय?"

"उभी असताना धूर सोडत नाही ती."

"मग दाखला कशाचा देऊ? धूर आला की घेऊन या."

नोकरीभर लोकांना "कागद पुरा करून या" म्हणणाऱ्या माणसाला हे ऐकावं लागलं. यांनी घरी येऊन पाणीही घेतलं नाही. तिथून उठून ते मोठ्या कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी हायब्रिडचा धूर मोजायची रीत वेगळी असते म्हणून चिठ्ठी दिली. ती वाचून टपरीवाला म्हणाला, "असं आधी सांगायचं." दाखला मिळाला. तोवर बॅटरी पुन्हा उतरली होती. गाडी टपरीसमोरून नाथाजींनी उसनी आणलेल्या जीपने दोराला बांधून घरी आणली.

आणि त्याच सुमारास तो नमस्कार सुरू झाला.

नवी बॅटरी बसवलेल्या एका गुरुवारी संध्याकाळी मी आरती करत होते. किल्ली तबकात ठेवून मी तिलाही देवाबरोबर ओवाळते. कुणाला मागे ठेवू नये. तबक खिडकीशी फिरलं, आणि बाहेर गाडीतला दिवा आपोआप लागला. मंद, पिवळा, निरांजनासारखा. आरशांचे मिटलेले दोन्ही कान हळूच उघडले. दाराशी आलेल्या रंगूबाईंच्या हातातल्या शेंगा खाली पडल्या.

"आगं बया! गाडीनं नमस्कार केला!"

मी मौनात होते. माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही, आणि तोच पुरावा ठरला. "गोदावरीवैनींची वाचा बसली की वो!" असं रंगूबाईंनी गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत सांगितलं.

पुढच्या गुरुवारी आरतीला अंगण भरलं. त्याच्याही आधी रोज बायका यायला लागल्या होत्या. कुणी गाडीला हार घातला. एकीने मुलाच्या लग्नासाठी पुढच्या चाकाला नारळ बांधला. नाथाजींनी दोरी बांधून रांग केली. मी भेदरून गेले होते. आयुष्यभर मी देवाकडे असं काही मागितलं नव्हतं. मला लेक हवी होती आणि मिळाला होता साक्षात्कार. सकाळी मात्र साक्षात्कारी गाडी मेलेलीच असे.

तो गुरुवार सातव्यातला शेवटचा. पुढच्या मंगळवारी आठवा लागणार होता. किल्लीचा आतला बटणासारखा सेल बदलून आणतो, म्हणून हे दुपारीच किल्ली खिशात टाकून बाजारात गेलेले. अंगणात आरती सुरू झाली. मी तबक खिडकीशी नेलं. सगळ्या बायकांनी मान वळवली.

गाडी अंधारात.

पुन्हा ओवाळलं. काही नाही.

"कुनी कांदा खाऊन आलंय का?" रंगूबाईंनी विचारलं. दोघीजणी मुकाट्याने मागच्या रांगेत गेल्या.

तेवढ्यात फाटक वाजलं आणि हे आले. पिशवीत मेथी, पायात स्लिपर. गाडीजवळून चालले, आणि भक्कन दिवा लागला. आरसे उघडले.

साऱ्या अंगणाने यांच्याकडे तोंड करून हात जोडले. रंगूबाई पुढे झाल्या आणि त्यांनी यांचे पाय धरले. यांनी घाबरून मेथी छातीशी धरली. "अहो, काय झालं? कोण गेलं?"

मी मात्र यांच्याकडे बघत नव्हते. मी यांच्या खिशाकडे बघत होते. आरती अर्धी होती, मौन सुटलेलं नव्हतं. मी तबक खाली ठेवलं, सगळ्यांदेखत नवऱ्याच्या खिशात हात घातला, आणि किल्ली घेऊन फाटकाबाहेर चालत गेले. दिवा विझला. परत आले. दिवा लागला. गेले. विझला. बायकांना वाटलं, अंगात आलं.

मौन सुटल्यावर मी पहिलं वाक्य बोलले. "अहो, ती देवाला ओळखत नाही. किल्लीला ओळखते."

यांनी मोबाईलवरच्या माणसाला शोधलं. त्याने ते फार पूर्वीच सांगितलेलं होतं. किल्ली गाडीजवळ ठेवू नका, नाहीतर गाडी रात्रभर जागी राहते, मालक येईल म्हणून वाट बघते, आणि धाकटी बॅटरी सकाळपर्यंत संपते. म्हणजे इतके दिवस बाळकृष्णाच्या पायाशी मी जे ठेवत होते, त्याने ती गाडी दर रात्री भिंतीपलीकडे ताटकळत बसलेली. मला चक्कर यायला लागली. चहा असता तर आली नसती.

मी रंगूबाईंना हात धरून सगळं समजावून सांगितलं. म्हटलं, चमत्कार नव्हता. त्यांनी शेंगेतला एक दाणा तोंडात टाकला. "मग काय झालं? चावी बी देवापुढंच हुती न्हवं?"



यांनी नियम केला. किल्ली स्वयंपाकघरात, गाडीपासून लांब, पोह्यांच्या स्टीलच्या डब्यात, झाकण घट्ट, म्हणजे तिची हाक गाडीला पोचत नाही. "काम झालं की किल्ली डब्यात. हाही तुझा एक नेम समज." नेम म्हटलं की माझ्या हातून चूक होत नाही. शुक्रवारी सकाळी गाडी जिवंत. शनिवारी जिवंत. रविवारीही. सोमवारी निघायचं ठरलं. सोमवार म्हणजे सातव्याचा शेवटचा दिवस, दिवेलागणीच्या आत लेक उंबऱ्यात हवी.

सोमवारी सकाळी यांनी बटण दाबलं. नेहमीचा मंगल शुकशुकाट झाला, म्हणजे गाडी चालू. "ही ठेव," म्हणून यांनी किल्ली माझ्या हातात दिली. मी आत गेले, देवाला नमस्कार केला, दही-साखर ठेवली, कुलूप लावलं आणि गाडीत येऊन बसले. गाडी दोनतीनदा टुंग टुंग वाजली.

"काय म्हणते?"

"ती सगळ्यालाच वाजते," हे म्हणाले.

मला तो घंटानाद शुभ वाटला.

काय सांगू तो प्रवास! उसाच्या ट्रॉल्यांमधून गाडी नदीसारखी चालली होती. कराड गेलं, पेठनाका गेला. यांनी शीळ वाजवली. लग्नानंतर प्रथमच. विश्रामबागेत दारासमोर उभी करून यांनी रुबाबात बटण दाबलं आणि गाडी बंद केली. विहीणबाई दारातच होत्या. त्यांनी गाडीला पुढून-मागून पाहिलं. "आवाज नाही आला हो. ढकलत आणलीत?"

जेवणं झाली. चहा पुढे आला. मी म्हटलं, वर्ज्य आहे. विहीणबाईंचा चेहरा बदलला. व्याह्यांकडचा चहा नाकारणं म्हणजे काय, ते मला कळत होतं. पण संकल्प तो संकल्प. ओटी भरली. श्रद्धाने उंबरा ओलांडला, गाडीत मागे उशीला टेकून बसली, आणि माझा हात धरला. जावई अनीशने बॅगा ठेवल्या. यांनी बटण दाबलं.

टुंग.

काचेवर इंग्रजीत अक्षरं आली. यांनी ती वाचली. मग वळून माझ्याकडे बघितलं. "किल्ली?"

काम झालं की किल्ली डब्यात. गाडी चालू झाली, म्हणजे किल्लीचं काम झालेलं. माझ्या हाताने नेम चुकवला नव्हता. किल्ली साताऱ्यात, पोह्यांच्या डब्यात होती, झाकण घट्ट. आणि एकदा चालू झालेली ही गाडी किल्ली मागे राहिली तरी थांबत नाही, फक्त टुंग म्हणून सांगते. तिने सांगितलं होतं.

  विहीणबाई पुढे सरसावल्या. "राहू द्या हो! आमची गाडी आहे ना. नाहीतर असं करा, राहूच दे तिला. उद्या आठवा लागतोच. ये गं श्रद्धा, बाळाला ऊन लागेल."

"नाही उतरणार," श्रद्धा म्हणाली.

"अगं, बंद आहे ती."

"असू दे. ओटी भरली, उंबरा ओलांडला. आता मागे फिरायचं नसतं. तुम्हीच सांगता ना, आई, शास्त्र असतं म्हणून?"

विहीणबाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला. शास्त्राचा असा उपयोग माझ्या लेकीला कुणी शिकवला, मी विचारलं नाही.

यांनी नाथाजींना फोन लावला. रंगूबाईंकडे आमच्या घराची दुसरी किल्ली असते. "डबा हातात घ्या आणि मिळेल ती एस.टी. पकडा."

"आर्डर हाय," पलीकडून आवाज आला.

मग विश्रामबागेतल्या त्या रस्त्यावर, बंद गाडीत, मी आणि माझी लेक दुपारभर बसलो. येणारे-जाणारे वाकून बघत होते. विहीणबाईंनी आधी ताट पाठवलं, मग छत्री पाठवली, मग स्वतःच खुर्ची घेऊन शेजारी येऊन बसल्या. श्रद्धाने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. मी तिला डिक्कीत शिरल्याचं सांगितलं, उंदराचं सांगितलं, इरकलाचं सांगितलं. ती इतकी हसली, की विहीणबाई घाबरून उठल्या. "बाळ—"

"बाळ नाही हो," श्रद्धा डोळे पुसत म्हणाली. "मी हसतेय. मी."

विहीणबाई परत खुर्चीत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "दमलीस का गं?" पोटाकडे न बघता. आणि खुर्ची आणखी जवळ ओढून त्यांनीही विचारलं, "मग त्या लुगड्याचं काय झालं?"

उन्हं कलायला लागली तेव्हा रिक्षातून नाथाजी उतरले. छातीशी पोह्यांचा डबा. यांच्यासमोर येऊन त्यांनी टाच जुळवली. "माल पोचला. वाटंत झाकान उघडल्यालं न्हाई. बायकू म्हनली, देवाची वस्तू हाय, मांडीवरनं खाली ठिवू नगा. स्वारगेट-सांगली येष्टीच्या गर्दीत कराडपातूर हुबा आलो."

हे आत बसले, बटण दाबलं. टुंग.

"डबा उघडा, नाथाजी."

"आर्डर डब्यात ठिवायची हाय न्हवं?"

"उघडा हो!"

झाकण निघालं, पोहे सांडले, किल्ली निघाली. काचेवर हिरवं अक्षर उमटलं. विहीणबाई हळदीकुंकवाची वाटी घेऊन पुढे झाल्या. त्यांनी श्रद्धाच्या गालावरून हात फिरवला, दोन पावलं मागे सरल्या आणि निरोपाला हात वर केला. "हं, करा चालू," त्या म्हणाल्या. "चालू झाली की मी—"

आम्ही कोपऱ्यावर पोचलो होतो. मागे वळून पाहिलं, तर विहीणबाई तशाच हात वर धरून, गाडी चालू व्हायची वाट बघत रिकाम्या रस्त्यासमोर उभ्या.

साताऱ्यात शिरलो तेव्हा सूर्य अजिंक्यताऱ्याच्या आड जेमतेम टेकलेला. रंगूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. लेकीचं पाऊल उंबऱ्याच्या आत पडलं आणि मी देवघरात गेले. सारा रस्ता किल्ली माझ्या मुठीत होती. मूठ आपोआप बाळकृष्णाच्या पायाशी गेली.

"आई!" श्रद्धाने मागून मनगट पकडलं. "पोह्यांचा डबा."

"नुसता पायाला लावते गं."

लावली. खिडकीबाहेर गाडीतला दिवा हळूच लागला आणि आरशांनी कान उघडले. ती का जागी झाली ते मला सगळं ठाऊक आहे. किल्ली, सेल, धाकटी बॅटरी, सगळं. तरी माझे हात जोडले गेले.

मागे स्वयंपाकघरात श्रद्धा चहाचं आधण ठेवत होती.